आमचे दोघे

लोकसभेत गोव्याचे दोन खासदार असतात. पाचशे त्रेचाळिसांत दोन. एवढं ऐकूनच माणसं हसायला लागतात, आणि माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी माझा नवरा अजून हसतो. तो पुण्याचा. "आमचे अठ्ठेचाळीस, तुमचे दोन. एका स्कूटरवर बसून जात असतील संसदेत," असं तो म्हणतो. दुबईत अल मनखूलच्या आमच्या घरी पुण्या-मुंबईची मंडळी जेवायला आली की हा विनोद आमटीबरोबर वाढला जातोच. मी म्हणते, "स्कूटरवर जात असतील, पण परतही आमच्याकडेच येतात. तुमच्या अठ्ठेचाळिसांतला तुमचा कोण, ते सांगा बघू." मग थोडा वेळ कुणालाच नाव आठवत नाही आणि विषय स्कूल फीवर जातो.

हा तोरा मी वडिलांकडून उचलला. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात बाबा प्राथमिक शाळेचे मास्तर. घरी कोकणी, शाळेत मराठी. संध्याकाळी दिवा लावला की पाढे, आणि पाढे संपले की खासदार. पहिल्या निवडणुकीपासून जोडीजोडीने म्हणायचे, आधी पणजीचा, मग मुरगावचा. मतदारसंघांची नावं बदलून उत्तर आणि दक्षिण झाली तोवर मी दुबईत संसार थाटला होता, तरी फोनवर प्रश्न यायचाच, "बाय, दक्षिणेचा कोण आला?" राज्यसभेचा एक असतो तो बाबा धरत नसत. तो आमदारांचा, म्हणायचे, आपला नव्हे.

पोर्तुगीज गेल्यावर लोकसभेची पहिली निवडणूक झाली तेव्हा बाबांना नुकतीच एकवीस पूर्ण झाली होती. त्यांच्या वडिलांनी उभ्या जन्मात कुणाला निवडलं नव्हतं. राज्य करणारा माणूस बोटीतून उतरायचा आणि बोटीत बसून जायचा. म्हणून बाबांना त्या मताचं अप्रूप. गंमत अशी की त्यांचा उमेदवार कधीही निवडून आला नाही. जनमत कौलात त्यांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात जाण्याच्या बाजूने मत दिलं, तिथेही हरले. पुढे स्वतःच म्हणायचे, "हरलो ते बरं झालं. अठ्ठेचाळिसांच्या घोळक्यात आमचे दोघे शोधायचे कुठे?"

मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला आणि दुसरा पावसाळा आला तरी कुणी तो बांधेना. मुलं शाळेला मोठा वळसा घालून यायची. बाबांनी खासदाराला पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी एका दुपारी पांढऱ्या कपड्यांतला एक थकलेला माणूस आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. मागे गावातली दहा-बारा माणसं. बाबा पडवीतल्या सोप्यावर, त्या बांधीव बाकावर, बसले होते. ते उठले नाहीत, नमस्कार केला नाही. म्हणाले, "मी तुला मत दिलेलं नाही. पण तू माझा आहेस. बस."

आईला लाज वाटली. तिने घाईघाईने पाणी आणलं. तो माणूस मात्र बसला, आणि ओढ्याचं सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर साकव झाला. पाऊस संपल्यावर झाला आणि फारसा चांगला झाला नाही, पण झाला. त्या दिवसापासून मला मत म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज पडली नाही.

लग्नानंतर अकरा-बारा वर्षांनी पासपोर्ट नवा करताना नवऱ्याने पत्त्याच्या जागी पुण्याचा पत्ता लिहिला. मी तो खोडून माहेरचा लिहिला. परदेशात राहणाऱ्याचं नाव मतदार यादीत लागतं ते पासपोर्टातल्या पत्त्यावर, आणि मतही तिथे जाऊनच द्यावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, "सुनेचा पत्ता माहेरचा, हे मी पहिल्यांदाच ऐकते." मी म्हटलं, "बाकी सगळी मी तुमचीच आहे. मत तेवढं डिचोलीचं राहू द्या."

हे सगळं सुखात चाललं होतं. मग मुलीची बारावी आली.

माझी मुलगी जन्मली दुबईत, शिकली दुबईत, आणि मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. तिला हॉलंडमध्ये शिकायला जायचं होतं. फी युरोपातल्या मुलांना एक आणि आपल्याला दुसरी, जवळजवळ पाचपट. आणि इथे माझं माहेर मध्ये आलं. बाबा जन्मले पोर्तुगीज राजवटीत. त्यामुळे लिस्बनमध्ये त्यांचा जन्म नोंदवता येतो, त्यांच्यामागून माझा, माझ्यामागून तिचा. साखळीच ती, आणि तिच्या टोकाला पोर्तुगालचा पासपोर्ट, म्हणजे युरोपातल्या मुलांची फी. माझ्या चुलत भावाने हेच केलं आणि आता तो इंग्लंडात आहे. गोव्यात हे कागद करून देणारे एजंट गल्लोगल्ली बसलेत. पण तो पासपोर्ट घेतला की भारताचा जातो, आणि भारताचा गेला की मत गेलं.

एका शुक्रवारी जेवणानंतर नवऱ्याने कागद माझ्यापुढे सरकवले. "फक्त एक साइन. यल्ला, कर आणि खलास. ओसीआय कार्ड मिळतं, येणं-जाणं सगळं तसंच राहतं."

"मत राहतं?"

"मत!" त्याने मुलीकडे बघितलं. "सांग हिला."

मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, इट्स टू सीट्स. आऊट ऑफ फाइव्ह फोर्टी-थ्री. इट डझन्ट मॅटर."

मी नाही म्हटलं. रागाने नाही, पण नाही म्हटलं. या शहराने मला वीसेक वर्षं पोटाला दिलं, त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण इथे मी व्हिसावर आहे. तिकडे लिस्बनमध्ये मी कागदावर असेन. पृथ्वीच्या पाठीवर एकच अंगण आहे जिथे खासदाराला मी बस म्हणू शकते, आणि ते मी फीच्या सवलतीत द्यायचं? इंग्लंडातल्या चुलत भावाने मुद्दाम फोन करून मला अक्कल शिकवली. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं. मी त्याला विचारलं, "तुझ्या तिथला खासदार कोण रे?" त्याने फोन ठेवला.

पण मुलीचा चेहरा पडला तो पडलाच. मला ते दिसत होतं. आईला दिसतंच. रात्रंदिवस अभ्यास करून तिने ती जागा मिळवली होती, आणि दारात आई आडवी उभी होती. मला वाईट वाटत होतं, आणि तरी मी हलणार नव्हते.

मे महिन्यात लोकसभेची निवडणूक आली. रास अल खोरच्या ज्या गोदामाच्या ऑफिसात मी काम करते तिथे मी रजेच्या कारणात 'मतदान' असं लिहिलं. आमचा मॅनेजर लखनौचा. "मॅडम, लोग तो माँ की बीमारी लिखते हैं. आप वोट के लिए प्लेन से जाएँगी?" मी म्हटलं, "जी. चलकर जाती तो देर हो जाती." त्याने सही केली. घरी नवरा पुटपुटला, "तिकिटाचे बाराशे दिरहम, म्हणजे सत्तावीस हजार. एका मताचे." मग म्हणाला, "हिलाही घेऊन जा. आजोबांना भेटेल."

कशासाठी भेटेल ते मला कळलं होतं.

घरी पोचलो त्या संध्याकाळी मुलगी बाबांशेजारी सोप्यावर बसली आणि तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं, मोडक्या मराठीत. तिला एवढं मराठी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आजोबा, तुमचं आधी लागतं. मग आईचं. मग माझं."

माझी खात्री होती की बाबा सोप्यावरून उठतील आणि तिला खासदारांची उजळणी करायला लावतील. ते म्हणाले, "दे कागद. मी सही करतो."

"बाबा!"

"काय बाबा? ब्याऐंशी झाली मला. आता आणखी किती मतं द्यायची राहिलीत? उद्याचं देतो आणि सही करतो. पोरीला जाऊ दे, बाय."

ज्यांच्यासाठी म्हणून मी दोन महिने घरात वैर घेतलं, तेच पलीकडे जाऊन बसले. मला आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले. "तुम्हाला द्यायचं ते द्या. माझं मत तुमच्याकडून आलेलं नाही की तुम्ही वाटून टाकावं. मी सही करणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

मुलगी उठून आत गेली. मला वाटलं बाबा चिडतील. ते मिशीत हसले आणि म्हणाले, "मास्तराची पोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्यांच्याच जुन्या शाळेत गेलो. मुलगी सतराची, ती बाहेर चिंचेखाली थांबली. यादीत माझं नाव सगळ्यांच्या शेवटी, परदेशवाल्यांमध्ये, आणि तिथे मी एकटीच होते. ओळख म्हणून आम्हाला पासपोर्टच दाखवावा लागतो. टेबलामागच्या तरुण शिक्षिकेने तो उघडला, व्हिशांची पानं चाळली, मग माझ्याकडे बघितलं. "दुबईहून मताला आल्यात?"

"हो."

तिने बाजूच्या माणसाला तो पासपोर्ट दाखवला. "बघा, ही दुबईहून आली, आणि तुमची सून पलीकडच्या वाड्यावरून आली नाही." मग माझ्या बोटाला शाई लावली, चांगली नखाच्या मुळापर्यंत.

बाहेर आल्यावर मुलीने बाबांना विचारलं, "आजोबा, तुमचा कँडिडेट जिंकेल?"

"छे. एकदाही जिंकला नाही."

"देन व्हाय?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आईला विचार. तिने बघितलंय." परतीच्या वाटेत मी तिला साकवाची गोष्ट सांगितली. तिने ऐकली. विमानात हेडफोन लावून बसली. बाबांची सही झालेले कागद तिच्या बॅगेत होते.

निकाल लागला त्या दिवशी बाबांचा उमेदवार नेहमीप्रमाणे पडला. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर कागद जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या सहीखालची माझी जागा कोरी, आणि शेजारी पेन. नवरा दुबई मरीनाच्या ऑफिसातून अजून यायचा होता. मुलगी खुर्चीमागे उभी होती. हॉलंडला उत्तर कळवायचा तो शेवटचा दिवस होता.

मी पेन उचलून डब्यात ठेवलं आणि कुकर लावायला गेले. जेवणाची ताटं घेऊन आले तरी ती तशीच उभी. तिचे डोळे भरले होते. तिने माझ्या बोटाकडे बघितलं. नखावर अजून काळी रेघ होती.

"यू व्होटेड अगेन्स्ट मी," ती म्हणाली.

काय समजूत घालायची? तुझ्या भल्यासाठी म्हणून सांगितलं असतं तर खोटं झालं असतं. भलं कदाचित हॉलंडातच होतं. मी ताटं खाली ठेवली.

"हो," मी म्हटलं. "मी तुला मत दिलेलं नाही. पण तू माझी आहेस. बस."

मग तिने खुर्ची मागे ओढली आणि बसली. आणि आपलं सगळं गाऱ्हाणं एक-एक करून मला ऐकवायला लागली, मराठीत.