कुणी घातलं हे तुमच्या गळ्यात?

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. आप्पा चाकाकडे बघायचे. चष्मा कपाळावर सरकवायचे, सायकलपुढे उकिडवे बसायचे, चाकाला एक गिरकी द्यायचे आणि ती थांबायच्या आत विचारायचे, "कुणी घातलं हे तुमच्या गळ्यात?"

समोरच्याने दिवाळीचा बोनस त्या चाकात घातलेला असायचा. बायकोला काय सांगायचं याची तयारी करून तो कौतुक ऐकायला आलेला असायचा. आप्पांचं ते एक वाक्य ऐकून त्याचा चेहरा असा पडायचा की आम्हीच पुढे होऊन चहा मागवायचो.

रांजणगावच्या ज्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो, तिथेच आप्पा खरेदी विभागात होते. त्यांचं गाव राहू, दौंड तालुक्यातलं. घरचा ऊस होता आणि भाऊ गावच्या राजकारणात होता, पण आप्पांचं भावाशीही पटत नव्हतं. माल विकायला आलेल्या माणसाला घाम फोडणं हे त्यांचं कामच होतं. त्यासाठी कंपनी त्यांना पगार देत होती. आम्हाला ते रविवारी फुकट घाम फोडत.

रविवारी सकाळी शिरूरहून सायकली काढणारी आमची पाचसहा जणांची टोळी होती. अशा टोळ्या तुम्हीही पाहिल्या असतील. पोटं सुटलेली, अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखी हेल्मेटं. न्हावऱ्यापर्यंत जायचं, मिसळ खायची, जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट पोटात घालून परत यायचं. आणि बोलायचं काय, तर चाकं.

ज्यांना हा रोग लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सायकलींची चाकं साधारणपणे ॲल्युमिनियमची असतात. कार्बनची चाकं हलकी असतात, टायर ज्यावर बसतो ती त्यांची कड उंच असते, आणि ती वारा कापतात म्हणे. नावाजलेल्या कंपनीची घ्यायची तर त्या पैशात मोटरसायकल येते. म्हणून सगळे स्वस्त कार्बनच्या मागे. परदेशातून खोक्यात येणारी, कुठलंच नाव नसलेली काळी चाकं. ती घ्यायची, आणि मग उसाच्या ट्रॅक्टरमागे, खड्ड्यातून वाट काढत, ताशी वीसच्या वेगाने वारा कापायचा.

आप्पांना दोन्ही पंथ सारखेच तुच्छ होते. महाग घेणाऱ्याला म्हणायचे, "स्टिकरचं पैसं दिलं तुम्ही." स्वस्त घेणाऱ्याला म्हणायचे, "ह्याला तर स्टिकरबी न्हाई." मोबाइलवर चाकांचे गुण गाणाऱ्या पोरांचे व्हिडिओ कुणी दाखवले तर पडदा उलटा करून ठेवायचे. "चाक फुकट मिळालं त्याला. फुकटचं चाक कुणाचं वाईट असतंय?"

आणि स्वतः? स्वतः ते कित्येक वर्षं कार्बनची चाकं निवडत होते. बाशिंग बांधून बसलेला आणि एकही मुलगी पसंत न पडणारा नवरदेव असतो ना, तसे. कुणाचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आवाज करतो, कुणाच्या तारा इकडे मिळत नाहीत, कुणाची कड इतकी उंच की शेजारून ट्रक गेला तर माणूस शेतात. मी एकदा विचारलं, "आप्पा, मग घ्यायचं तरी कुठलं?"

"घ्यायचंच कशाला?" ते म्हणाले आणि ॲल्युमिनियमच्या चाकांवर बसून पुढे निघून गेले. मला तेव्हा हा माणूस मनापासून आवडत नव्हता. टीका करायला कष्ट लागत नाहीत, आणि आप्पा घाम न गाळता शहाणे झालेले आहेत, असं माझं मत होतं.

मग आमच्यात सुजाता आली. आमच्याच कंपनीत क्वालिटीला होती, शिरूरातच राहायची. वडील टेम्पो चालवायचे. आम्ही मिसळीसाठी सायकल चालवायचो, ती शर्यतीसाठी चालवायची. चढणीला ती पुढे गेली की परत दिसायची ती चहाच्या टपरीवर, आमची वाट बघत. तिने शिफ्टमागून शिफ्ट करून स्वस्त कार्बनची चाकं मागवली. येत्या शर्यतीत पहिल्या पाचांत यायचं तिने ठरवलं होतं.

चाकं आली त्या रविवारी आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. या वेळी मात्र नेहमीचं वाक्य आलं नाही. ते बराच वेळ चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले.

"पोरी, तुझ्या सायकलला रबराचा ब्रेक हाय. त्यो ह्या कडेवरच घासणार. उतारावर कड तापली की ह्यातला डिंक इतळंल. टायर निसटंल. ही चाकं डिस्क ब्रेकवाल्यांनी घालायची, त्येंचा ब्रेक कडेला लागत न्हाई. तू ॲल्युमिनियमच वापर."

सुजाता हसली नाही. "आमच्या वाट्याला ॲल्युमिनियमच का, आप्पा? गेल्या महिन्यात आपल्या कंपनीच्या साहेबांनी अशीच चाकं घेतली, ब्रेकही रबराचाच. त्यांना तुम्ही टोमणा मारला, पण वापरू नका म्हणाला नाहीत."

"साहेब उतारावर सायकल हातात धरून चालतोय," आप्पा म्हणाले. हे खरं होतं. पण त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही. तिने काय विचारलं होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं, आणि आप्पांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी भुलेश्वरला जायचं ठरलं. न्हावरा, केडगाव, चौफुला, मग हायवेने भांडगाव मागे टाकून यवतहून चढण. सुजाता नव्या चाकांवर सगळ्यांच्या आधी वर पोचली. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा ती कठड्यावर बसून शेंगदाणे खात होती.

आप्पा सगळ्यात शेवटी आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "एक फेरी मारू दे तुझ्या सायकलवर."

तिने सायकल दिली. सीट वर करून ते बसले आणि खाली गेले. आम्हाला वाटलं, म्हातारा विरघळला. वर आले, पुन्हा खाली गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते पूर्ण उतारभर ब्रेक दाबून धरताहेत. तिसऱ्यांदा गेले तेव्हा खालच्या वळणावरून बंदुकीसारखा आवाज आला.

आम्ही धावत गेलो. आप्पा रस्त्याकडेच्या खडीत पडले होते, खांदा एका बाजूला उतरला होता. पुढच्या चाकाची कड फुगून उकलली होती आणि टायर लोंबत होता. मी त्यांना उठवायला गेलो तर मला बाजूला सारून ते सुजाताला म्हणाले, "बघ. फुगलं का न्हाई?"

ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. चाक हातात घेऊन उभी होती. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही माझ्या दुप्पट वजनाचे आहात, आप्पा. माझ्याखाली फुटलंच नसतं. आणि मी एवढा ब्रेक कधी दाबतच नाही."

खरं कोणाचं, ते मला आजही सांगता येणार नाही.  

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. आम्ही टोळीवाले दोन गट पाडून मोकळे झालो. एक गट म्हणाला, म्हाताऱ्याने पोरीचा जीव वाचवला. दुसरा म्हणाला, म्हाताऱ्याने खोड जिरवायला पोरीची चाकं फोडली. दोन्ही गटांनी मिसळ मात्र एकत्र खाल्ली. सुजाताकडे चौकशीला कुणी गेलं नाही.

गेले ते आप्पा. हात गळ्यात अडकवलेला असताना मला म्हणाले, "गाडी काढ. तिच्या घरी जायचंय." मागच्या सीटवर एका पिशवीत त्यांच्या स्वतःच्या सायकलची दोन्ही चाकं होती.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली सुजाताच्या ढाली आणि पदकं. तिच्या आईने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा ठेवला. आप्पा, ज्यांच्यापुढे भले भले विक्रेते चळचळा कापायचे, ते कप हातात धरून जमिनीकडे बघत बसले.

"दुखतंय का अजून?" आईने विचारलं.

"व्हय. थोडं."

"दुखणारच. पर तुमाला एक इचारते. चाकं तिची व्हती. फोडायची व्हती तर आधी सांगायचं व्हतं तिला. न्हाई म्हणायचा हक्क तिचा व्हता का न्हाई?"

सुजाता दारात उभी होती. आप्पांनी कप खाली ठेवला.

"व्हता. चुकलं माझं," ते म्हणाले. "मी सांगितलं आसतं तर ती न्हाई म्हणली आसती. म्हणून न्हाई सांगितलं. आन् त्या दिवशी तिनं इचारलं, आमच्या वाट्याला ॲल्युमिनियमच का. त्यालाबी माझ्याकडं उत्तर नव्हतं."

 सुजाता आत आली, आम्ही आणलेल्या पिशवीतलं एक चाक काढून तिने फिरवून पाहिलं. "चाकं मोडलीत, चाकं दिलीत. फिटलं," ती म्हणाली. "पण एक ऐका. पुढच्या वेळी कार्बनची चाकं मीच निवडणार. तुम्ही समोर बसायचं आणि फक्त ऐकायचं."

त्या वर्षीची शर्यत तिने त्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर केली आणि पहिल्या पाचांत आली नाही. वर्षभराने तिने डिस्क ब्रेकची जुनी सायकल मिळवली. मग एका रविवारी टपरीवर आप्पांना समोर बसवून तिने सांगायला सुरुवात केली: कड मध्यम उंचीची, म्हणजे आडव्या वाऱ्यात सायकल हातात राहील. तारा साध्या, तुटली तर इथे शिरूरात मिळेल अशा. थोडं वजन जास्त चालेल, पण कड जाड. वॉरंटीसाठी फोन केला तर उचलणारा माणूस याच देशात. आप्पांची चुळबुळ चालली होती. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हणाले, "ठीक हाय."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. त्यांच्या तोंडून एवढं निघालेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचा खांदा मात्र पुरता भरून आला नाही. हात छातीच्या वर उचलेना. सायकल सुटली. ते गाडी घेऊन आमच्या मागून यायचे, काच खाली करून आमच्या पोटांवर आणि टायरमधल्या हवेवर बोलायचे, केळी द्यायचे. तेही एका हिवाळ्यात थांबलं. छातीत दुखतंय म्हणून राहूहून दौंडला निघाले आणि वाटेतच गेले. भावाने आम्हाला कळवलं. टोळीत नवी माणसं आली आहेत, नवी चाकं आली आहेत, आणि सगळे एकमेकांना "भारी" म्हणतात. ऐकवत नाही.

मला ते आठवतात ते पारगावच्या पुलावर, भीमेवरून आडवा वारा सुटलेला असताना. त्यांच्या शेवटच्या वर्षीची मुलींची शर्यत तिथून जाणार होती. सुजाता पुढच्या घोळक्यात होती, वाकून, सरळ रेषेत. पुढे ती तिसरी आली. आम्ही ओरडलो. आप्पा मागचा रस्ता बघत होते.

घोळका गेला. मी म्हणालो, "चला आप्पा."

"थांब. मागच्या पोरी येऊ देत."

मागच्या येत राहिल्या, तुटक तुटक. पूल रिकामा झाला. पोलिसाने शिट्टी वाजवून दोर सोडायला घेतला, तेव्हा लांबून एक मुलगी येताना दिसली. साधी सायकल, लोखंडी चाकं, चेहरा लालबुंद. वारा तिला कठड्याकडे ढकलत होता आणि ती परत रस्त्यावर येत होती. आप्पा दोन पावलं पुढे झाले. टाळी वाजवायला दोन्ही हात जुळेनात, म्हणून ते धड हाताने आपल्या मांडीवर थाप मारत राहिले, ती पूल उतरून दिसेनाशी होईपर्यंत.