टीव्हीवरच्या बाईची ड्युटी

"ओ टीव्हीवाल्या बाई, तीन नंबरच्या बाबाजीले भांडं द्या. आज तुमची ड्युटी हाये."

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून टीव्हीवर ओरडत होत्या. आवाज असा, की अहेरीच्या बाजारातल्या कोंबड्या तो ऐकून मुदतीआधी अंडी देत. निदान मी तरी असंच सांगत आलोय. तीन नंबरचे बाबाजी तळ्यावर मासे धरणारे, पाय मोडून पडलेले. ते बिचारे आशेनं टीव्हीकडे पाहत होते.

टीव्ही मी बसवला होता. तेव्हा मोबाईलसुद्धा तिकडे पोचायचा होता. नागपुरात बसलेली एक अनुभवी नर्स कॅमेऱ्यातून आमचा वॉर्ड बघणार, इथल्या दोघींना मदत करणार, अशी योजना. छतावर आम्ही सॅटेलाईटची एवढी थाळी चढवली, की गावजेवणाचा भात तिच्यात मावला असता. आता फक्त मोठ्या सिस्टरची पसंतीची सही हवी होती.

त्या सही देईनात. कारण डॉक्टर आनंदात बोलून गेले होते, "आता आपल्याकडे तीन नर्स झाल्या." तीन झाल्या म्हणजे वरचे लोक एक उचलून एटापल्लीला नेणार, आणि ती धाकटी सिस्टरच असणार. तिचं पोर नुकतं बालवाडीत रमलं होतं. मग मोठ्या सिस्टरनं काय करावं, तर ड्युटीच्या तक्त्यावर टीव्हीतल्या बाईलाच चढवलं. सकाळी पेशंटना शौचाची भांडी देणे. दुपारी पेशंटची कूस बदलणे.

"मी कशी देऊ बाई, मी नागपुरात बसून राह्यली ना," टीव्ही बोलला.

"मंग नर्स म्हणून मोजता काऊन?"

"मी कुठी मोजलं? पेशंट उचलून उचलून माझी कंबर गेली, म्हणून मले इथी खुर्चीत बसवलं."

मोठ्या सिस्टरचे हात खाली आले. "माझीबी चाललीच हाये," त्या म्हणाल्या. "मंग तुमाले येते काय?"

"सलाईन संपत आली का हाक मारीन. सुट्टीचे कागद भरीन. नातेवाइकाईले पथ्य सांगीन."

"एकामागं सतरा येतात. सतराजण येगयेगळे पुसतात."

"पुसू द्या. मले कुठी उठाचं हाये."

"मंग लिहून द्या, का तुमाले इथल्या नर्समंदी मोजाचं नाई."

तोवर धाकटीनं बाबाजींना भांडं देऊन, धुऊनसुद्धा ठेवलं होतं.

दोन दिवसांनी नागपूरहून फॅक्सनं कागद आला. टीव्हीतली बाई नर्सच्या संख्येत धरू नये. धाकटी इथंच राहील. मोठ्या सिस्टरनं सही इतकी दाबून केली, की ती टेबलावरही उमटली. पलीकडे बाबाजींची अख्खी भावकी टीव्हीपुढे मांडी घालून बसली होती आणि मोडक्या पायाला झिंगे चालतात का, ते एकेक जण विचारत होता.

"म्हणजे बाई, यंत्र आवडलं तर," मी म्हणालो.

"यंत्राचं मले काई समजत नाई," त्या म्हणाल्या. "बाई कामाची हाये."