बेंबीभोवतीचे फोड

पणतीला खोकला झाला म्हणून आम्ही तिला पाटोद्याला लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नातू, नातसून, माझी सून आणि मी. पोरगी नुकती मान धरायला लागली होती. बाईंनी छाती तपासायला झबलं वर केलं आणि त्या थांबल्या. बेंबीभोवती हरभऱ्याएवढे गोल फोड होते.

कशाचे म्हणून विचारलं. सून म्हणाली, उष्णतेचे. नातसुनेनं मान खाली घातली. बाईंनी नातवाकडं पाहिलं. त्याच्या खिशातून बिडीचं बंडल डोकावत होतं.

मग आम्हाला बाहेर बसवून त्यांनी एकेकाला आत बोलावलं. नातवाला सरळ विचारलं, लेकरू रडलं की बिडी टेकवतोस का. तसं निघालं तर पोलिसांना कळवावं लागेल, लेकरू घरी पाठवता येणार नाही. बाहेर येऊन त्यानं हे सांगितलं तरी सून गप्प. मला वाटलं, हबकली असेल.

शेवटी माझी पाळी. बाई भिंगातून फोड बघत होत्या.

"आजी, हा ओघळ बघा, कुशीपर्यंत गेलाय. बिडीचा चटका ओघळत नाही. घरात बिब्बा आहे का?"

"हाय की. कुणाच्या घरात नसतो?"

बाहेर येऊन सुनेला विचारलं.

"पोट फुगलं म्हणून लावला. डागदरीण वरडल म्हणून बोलले न्हाई."

बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की पोटावर ठिपके द्यायचे, हे आमच्याकडं बऱ्याच बाया करतात. पण चार शब्द ऐकावे लागतील म्हणून पोटचा पोरगा पोलिसात जाऊ देणारी मी हीच पाहिली.

मी आत जाऊन सांगितलं, तशा बाई ओरडल्याच. सुनेला, मला आणि माहीत असून गप्प बसली म्हणून नातसुनेलाही. हे तेल कोवळी कातडी जाळतं, अंगात भिनलं तर मूत्रपिंडाला बाधतं, म्हणाल्या. लघवी तपासली, ती ठीक निघाली. मलम आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं, आणि लेकरू उचलून नातवाच्याच हातात दिलं.

परतताना जीपमध्ये सून म्हणाली, "माझं चुकलं." नातू म्हणाला, "जाऊ दे, आये."

"जाऊ दे कावून?" मी म्हणाले. "तिनं बिब्बे फेकायचे अन् तू बिड्या."

बिब्बे तिनं फेकले. तो अजून ओढतो, पण अंगणाच्या पार टोकाला जाऊन. पोरगी आता रांगत त्याच्या मागं तिथवर पोचते. मग बिडी विझवून, हात धुऊन त्याला तिला उचलावं लागतं.