पिठाला कुणी विचारत नाही

धुळ्याच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला निम्मं गाव आलं होतं. माझ्या काकवा, मावश्या डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. आबा कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारत होते की गाडी जळगावलाच जाते ना, जणू ती वाटेत विचार बदलणार होती. माय मात्र रडत नव्हती. तिला रडायला फुरसतच नव्हती. ती वनस्पती तुपाचा एक मोठा पत्र्याचा डबा खिडकीच्या गजांमधून आत घालायच्या खटपटीला लागली होती. डबा काही मावेना. शेवटी तो दारातून आत चढवला गेला आणि उभ्या माणसांच्या डोक्यांवरून हातोहात येत माझ्या शालूवर विसावला. गाडी हलली तशी माय खिडकीशी धावत ओरडली, "रोज तोंडले लावजो व! जयगावनं ऊन वंगाळ शे!"

मायच्या बोलीत ळ टिकत नसे, त्यामुळे माझं सासर तिच्या तोंडी जन्मभर जयगावच राहिलं.

लोक अमेरिकेला जातात, दुबईला जातात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. मी धुळ्याहून जळगावला गेले. मध्ये पारोळा, एरंडोल, आणि रस्त्यात खड्डे. पण ज्या बायांनी माहेर सोडलंय त्यांना ठाऊक आहे, स्थलांतर मैलांवर मोजत नाहीत. माहेरी 'शे' म्हणत होते, सासरी 'हाये' म्हणू लागले. माहेरी कापूस, सासरी केळी. सासूबाई रावेरकडच्या, त्यांना आत्याबाई म्हणायचं. आणि नवरा, म्हणजे हे, शाळेत भूगोल शिकवायचे. यांच्याशी बोलायचं तर प्रमाण मराठी लागायची, कारण माझ्या बोलीत मी रागावले तर यांना हसू यायचं.

आता त्या डब्याविषयी. त्यात मायचं उटणं होतं. आमच्या पांझरेकाठच्या पंचक्रोशीत ते प्रसिद्ध. त्यात हळद, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कचोरा, मसुराची डाळ, उन्हात कडक वाळवलेली संत्र्याची सालं. गावातली एकही नवरी या उटण्याशिवाय बोहल्यावर चढली नाही. बाजारच्या स्नो-पावडरीला माय नावं ठेवायची. त्या डब्यांवर नटीचा फोटो असे, पण आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नसे. "आपलं बठ्ठं घरनं शे," ती म्हणायची, "त्यामा काय ऱ्हाई?" सगळं घरचं, त्यात काय असणार?

लहानपणी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर माझं अंग लाल व्हायचं, गांधी उठायच्या. धाकटी सुमन तशीच्या तशी गोरीगोमटी, आणि मी रताळ्यासारखी. कुणाला काही वाटत नसे. "शकूले दिवाई निघनी," असं माय शेजारणीला सांगायची, जसं एखाद्याला गोवर निघतो तशी मला दिवाळी निघायची. भाऊबीजेपर्यंत उतरायची. पुरणपोळी खाल्ली की पोट बिघडायचं, ते माझ्या हावरटपणाच्या खाती जमा होतं. एरवी घरात भाकरीच असायची.

जळगावला मात्र मी आज्ञाधारक मुलीसारखी रोज उटणं लावू लागले आणि मला रोज दिवाळी निघू लागली. गाल सुजले, पापण्या जड झाल्या, हाताला भेगा पडल्या. नव्या सुनेचं तोंड पाहायला येणाऱ्या बाया तोंड पाहून गप्प बसायच्या. आत्याबाई म्हणाल्या, "काय झालं वं माय तुया तोंडाले? धुयाचं रगत लय गरम असते." मायला कळलं तसा तिचा उलट निरोप आला की जयगावचं पाणीच नासकं, नाहीतर केळीचा चीक लागला असणार. दोन्ही घरांत माझ्या तोंडावरून तंटा पेटला. यांनी भूगोलाच्या मास्तरला शोभेल असं निदान केलं. तापी आणि पांझरा या दोन खोऱ्यांच्या हवामानात म्हणे फरक आहे, तो माझ्या कातडीला झेपत नाही.

उन्हाळ्यात डबा तळाला गेला, मी तो फळीवर ठेवून दिला आणि माझं तोंड निवळलं. आत्याबाईंनी त्याचं श्रेय जळगावच्या पाण्याला दिलं. मी हसतमुखाने माहेरी गेले, तर मायने पहिल्याच सकाळी पोरगी उन्हानं काळवंडली म्हणून मला चुलीजवळ बसवून नखशिखांत उटणं फासलं. दुपारपर्यंत माझा एक डोळा बंद झाला होता. जळगावला परतले, डोळा उघडला. पुन्हा माहेरी गेले, पुन्हा मिटला. अशी दोन-तीन वर्षं चालली. मग गावाने निकाल लावला. शकू आता जळगावची मडम झाली, तिला माहेर मानवत नाही.

बाकीच्यांचं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माय हे खरं मानून बसली. एकदा मी निघताना ती निरोप द्यायला स्टँडवर आलीच नाही. घरीच म्हणाली, "आते तुले आमना घरनी हवा बी चालस नही. ये नको व माय, तरास करी लेस." ती रागाने म्हणाली असती तर भांडले असते. तिने ते अगदी प्रेमाने म्हटलं, म्हणून मी एरंडोलपर्यंत रडत गेले.

त्याच सुमारास सुमनचं लग्न ठरलं, सुरतेला. आमच्याकडे नवरीला पहिली हळद सासरी नांदणाऱ्या मोठ्या बहिणीनं लावायची. ती हळद नुसती नसते, मायच्या उटण्यात कालवलेली असते, आणि एकदा सुरू झालं की जी जिला सापडेल ती तिला माखते. म्हणजे भर मांडवात माझं तोंड सुजणार, आणि माहेर मानवत नाही यावर सगळ्या सोयऱ्यांसमोर शिक्का बसणार. हळद लावली नाही तर बहिणीला अपशकुन. मी यांना म्हटलं, तुमची खोरी ठेवा बाजूला, मला कातडीच्या डॉक्टरकडे न्या.

डॉक्टर तरुण होते आणि कमालीचे शांत. म्हणाले, तोंडाला जे जे लावता ते ते घेऊन या. मी पिशवी भरून नेलं. पावडर, स्नो, काजळ, कुंकू, टिकलीचं पाकीट आणि डब्याच्या तळाशी उरलेलं उटणं. त्यांनी एकेक वस्तू उघडून हुंगली. डब्यापाशी येऊन विचारलं, "यात काय काय आहे?"

मी अभिमानाने पाठ म्हणून दाखवलं. हळद, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कचोरा, मसूर, संत्र्याची सालं. "बाकी काही नाही?" बाकी काहीच नाही, सगळं घरचं. डॉक्टरांनी डब्यात बोट बुडवलं. "एवढ्या वस्तूंनी एवढा मोठा डबा भरतो?"

"छे हो, त्या चिमूटचिमूटच. बाकी मग पीठ."

"कसलं पीठ?"

"पीठ म्हणजे पीठ हो. कणीक. गव्हाची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला अजून कळलं नव्हतं की मी काय बोलले. आमच्याकडे जिन्नस सांगताना पीठ कुणी सांगत नाही, पाणी कुठे कोण सांगतं? माय सांगत नव्हती, मी सांगत नव्हते, गावातल्या साऱ्या बायांना ते उटणं तोंडपाठ होतं आणि त्यांच्यापैकी एकीनेही कधी पीठ मोजलं नव्हतं. डॉक्टरांनी नुसती कणीक भिजवून माझ्या मनगटावर टेकवली. चहा येईपर्यंत तिथे टम्म पुरी फुगली होती. हे शेजारी बसून ती पुरी टक लावून पाहत होते. यांचं तापीचं खोरं तिथेच वाहून गेलं.

गहू आतून नको आणि बाहेरून तर नकोच, असं डॉक्टरांनी बजावलं. पोटाचंही कोडं सुटलं. आणखी म्हणाले, यापुढे काहीही लावण्याआधी विचारायचं, यात काय आहे.

मी हरखून माहेरी गेले. मला वाटलं, मायच्या छातीवरचा धोंडा उतरेल. दोष घराचा नाही, हवेचा नाही, नुसता गव्हाचा! लग्नाचे पापड वाळत होते, त्यांच्यात उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. तवा गव्हाचा नको, हात गव्हाचा नको, इतकंच काय, चक्कीवर आधी कुणी गहू दळला असेल तर त्या चक्कीतलं ज्वारीचं पीठसुद्धा मला नको. मायचा चेहरा ताठ होत गेला.

"आपला गहू?" ती म्हणाली. "आपला खयाना गहू? हाऊच गहू खाईसन तू मोठी व्हयनी!"

मी तिच्या गव्हाला नावं ठेवली होती. त्यापेक्षा हवेला ठेवलेली परवडली असती. त्यानंतर माय माझ्याशी बोलेना. मला बोलवायचं तर सुमनला म्हणायची, "तुनी बहीनले सांग, जेवाले चाल." आणि मी शेजारीच उभी असायची.

हळदीच्या दिवशी सुमन पाटावर बसली. मांडव बायांनी भरला. मोठ्या मावशीने पितळी परातीत उटणं-हळद कालवून माझ्यापुढे सरकवली. कणकेचा वास मला आला. मी हात पुढे नेला आणि थांबवला. सुमन डोळ्यांनीच म्हणत होती, राहू दे अक्का. मावशी म्हणाली, "काय व? जयगावनी मडम बहीनले हात लावत नही का?" मी ठरवलं, सुजू दे तोंड. पदर खोचला.

"थांब!"

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात झाकणाचा पितळी सट, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या, खांद्यावर पंचा. केस पिठाने पांढरे झालेले. ती थेट आली, मावशीची परात पायाने दूर सरकवली आणि माझ्यापुढे सट ठेवला. ज्वारीच्या पिठातलं उटणं. मग मांडवाकडे वळली.

"पयले बठ्ठ्या हात धवा! मनी आंडेरले गहू चालस नही. जी कणीकना हात लाई तिले जेवाले भेटाव नही!"

आंडेर म्हणजे लेक. बाया चपापल्या. मावशीने तरीही विचारलंच, ज्वारीचं उटणं कुठे असतं का? माय जराही न अडखळता म्हणाली, "डॉक्टरनं सांगेल शे. राजघरानामा असंच लावतस. जयगावले बठ्ठी मोठी मानसं हाईच लावतस." जळगावच्या कुठल्या मोठ्या माणसांनी ते लावलं होतं देव जाणे. पण बाया रांग लावून हात धुवायला उठल्या. त्यातल्या एकदोघींनी मला हळूच विचारलं, याने रंग उजळतो का?

मी सुमनच्या गालाला हळद लावली. मायने माझ्याकडे न बघताच पीठ कुठे दळलं ते सांगितलं, "चक्कीवर नही दया. घरनं जातं तीनदा धोयं, मंग दया." म्हणजे पापडांपाशी मी बोलत होते तेव्हा ती रुसली होती, पण तिने शब्दन् शब्द ऐकला होता. मी तिथेच, भर हळदीत, तिच्या कमरेला मिठी मारून रडले. लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझं नाक लाल आहे. पण डोळे दोन्ही उघडे आहेत.

त्यानंतर जगात मला गव्हाने गाठायचं सोडलेलं नाही. जळगावात ब्युटी पार्लरं निघाली, तिथल्या मुलीने "एकदम नॅचरल" म्हणून कोंड्याचा लेप माझ्या हनुवटीपर्यंत आणला होता. यांनी हौसेने मुंबईहून महागाचं क्रीम आणलं आणि खोक्यावरचं मोठ्याने वाचून दाखवलं, 'गव्हांकुरांच्या तेलाने समृद्ध', आणि वाचता वाचताच खोकं मिटवून खिशात घातलं. मी दुकानदाराला, मेंदीवालीला, लग्नघरातल्या बायांना विचारत राहते, यात काय आहे? लोकांना वाटतं मी भोचक आहे. माय जळगावला आली की माझ्यावर ताण करते. कासाराने मला बांगडी चढवायला हात धरला तर तिने त्याला आधी विचारलं, "भाऊ, भाकर खाई उना का पोई?"

सुमन, तू तिकडे सुरतेला, मी इथे. तू नेहमी विचारतेस, अक्का, आता घर म्हटलं की तुला कुठलं आठवतं? पांझरेकाठचं की इथलं? पूर्वी मला उत्तर सुचायचं नाही. परवा दिवाळीचा डबा आला. तोच वनस्पतीचा, आता पोचे पडलेला, झाकणाला सुतळी. मी सुतळी सोडली, दुधात उटणं कालवलं आणि सरळ गालाला फासलं.

हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "अगं, विचारलंस का, यात काय आहे?"

"मायनं पाठवलंय," मी म्हटलं.

हे चहा संपेपर्यंत माझ्या गालाकडे बघत बसले.