आमच्याच परसातलं कोहळं

नवा फ्रॉक मागितला की बाबांचं उत्तर ठरलेलं. "प्रभूजवळ एकच झगा होता. तुले दोन काहून पाहिजेत?" माझ्या फ्रॉकची दुमड आईनं दोनदा उसवून तो लांब केला होता.

बालाघाटच्या आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवत. उपासना झाली की चर्चच्या निधीसाठी त्याचा लिलाव व्हायचा. त्र्याऐंशी साली आईनं परसातलं कोहळं दिलं. उकव्याच्या खाणीतल्या एका साहेबांनी त्यावर दहा रुपयांची बोली लावली आणि आमचे साधेपणाचे उपदेशक बाबा ताडकन उठले. पंधरा, पंचवीस, चाळीस! शेवटी साठ रुपयांना कोहळं आमचं झालं. टाळ्या वाजल्या. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात दोन फ्रॉक आले असते.

घरी आई ते विळीवर चिरताना पुटपुटली, "माहंच कोहळं, अन् मलेच इकत!"

जेवताना बाबांनी डोळे मिटले आणि साध्या अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. मी विचारलं, "बाबा, प्रभूनं कोहळं कितीले घेतलतं?"