पाच जणींना माहीत

एप्रिलचा रविवार होता, साल चौऱ्याऐंशी. मुलुंडच्या आमच्या गच्चीवर मी मिरच्या वाळत घालत होते, आणि गुपित या गोष्टीशी जन्माचं वैर असलेली जगातली एकमेव बाई खालून मला हाका मारत होती.

ही माझी थोरली नणंद. एका प्रसूतिगृहात नर्स होत्या. रिटायर झाल्या तरी वॉर्डातून फिरल्यासारखी चाल गेली नाही. बसस्टॉपवर एखादी एकटी पोरगी ओढणी पोटावरून सारखी करताना दिसली की वन्सं तिच्याशेजारी उभ्या राहून कुजबुजत, "कितवा गं?" त्यांची कुजबूज पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जाई. एकदा एका शाळेच्या हेडबाईंनाच विचारलं. बाईंना कितवाही नव्हता, अंगानं जरा भरलेल्या होत्या इतकंच. आमच्या धाकट्याला त्या शाळेत प्रवेश मिळाला नाही.

नोकरीत त्यांनी पायरीवर, कचराकुंडीशी सापडलेली मुलं पुसून काढली होती. त्याबद्दल मात्र बोलत नसत. एवढंच म्हणत, "आई वाईट नसते गं, एकटी असते. पाच बायकांना माहीत असलं, की टाकायला जागाच उरत नाही." म्हणून अशी अडचणीत सापडून त्यांच्याकडे येणाऱ्या मुलीनं आपल्या मर्जीनं पाच जणी निवडायच्या आणि स्वतःच्या तोंडानं त्यांना सांगायचं, हा नियम. मूल ठेवायचं की रीतसर संस्थेत द्यायचं, ते तिचं ती ठरवील, "पण द्यायचं तर हातातून हातात."

भांडुपच्या कारखान्यात पॅकिंग करणारी शालन मालवणकडची, वय एकोणीस, लग्न झालेलं नाही. तिनं घरमालकीण, मासेवाली, कामावरच्या दोघी आणि पाचवी मी, अशा निवडल्या. मी तिला एकदा रेशनकार्डाचा अर्ज भरून दिला होता, एवढीच ओळख. "वन्सं, मला या भानगडीत नको," शालन सांगून गेल्यावर मी म्हटलं. "बरं, नको," म्हणत त्यांनी कॅलेंडरच्या मागे माझं नाव पाचवं लिहिलं.

त्या रविवारी त्या धापा टाकत गच्चीवर आल्या आणि माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच खरोखर हळू बोलल्या. "शालनला पहाटे मुलगी झाली. पण आयाला विचारत होती, मागचं दार कुठे म्हणून. आज मासेवाली तिच्यापाशी बसलीय. उद्या सकाळी तू जा."

वन्संना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचा सगळा आरडाओरडा मी विसरले. ते हळू बोलणं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अळिवाची खीर घेऊन प्रसूतिगृहात गेले. शालन कॉटवर बसली होती, मुलगी बाजूला.

"काकू, दार इचारलंय ता खराच," ती म्हणाली.

"विचारलंस तर विचारलंस. खीर गार होतेय."

मी मुलीला उचललं. शालननं डबा बोटानं पुसून संपवला, पदराला हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. मी मुलगी तिच्या हातात दिली आणि दोघींना तिथेच ठेवून डबा विसळायला बाहेरच्या नळावर गेले. जरा जास्तच वेळ विसळला.