गाडीचा बसलेला आवाज

मला मुळात शांत बसता येत नाही, त्यात रोज आबांच्या शेजारी गाडीत बसायचं. आबा म्हणजे माझे वडील. आमची पिकअप सकाळी चामटोलीतून निघते आणि बदलापूर, अंबरनाथ करत उल्हासनगरच्या कॅम्प तीनला जाते. तिथल्या कारखान्यांतून शिवून झालेल्या जीन्सचे गठ्ठे उचलायचे, गावातल्या आणि वरच्या पाड्यांवरच्या बायकांना सुटे धागे कापायला वाटायचे, आणि कापून झालेला माल परत नेऊन टाकायचा, हा आमचा धंदा. बायका, कारखानदार आणि भांडणं माझ्याकडे, स्टिअरिंग आबांकडे. लायसन माझ्याजवळही आहे, पण ते पर्समध्ये ठेवायला. गाडी चालू असताना मी आपली रिकाम्या जागी ब्रेक दाबत असते. माझ्या पायाखालची रबरी चटई तेवढ्याच जागी झिजली आहे.

आबा गाडी कानाने चालवतात. मीटरकडे त्यांनी कधी लक्ष दिलं असेल तर त्यावरची धूळ पुसायला. इंजिनाचा सूर चढला की वरचा गिअर, पडला की खालचा. मला शिकवलं तेही असंच. मी गिअरच्या दांडीकडे बघायला लागले की हातावर चापट बसायची. "बघतेस काय? आयक."

उन्हाळा संपत आला होता. अंबरनाथच्या अलीकडे गाडी चालवता चालवता ते म्हणाले, "गारीचा आवाज बसलाय, बाय. दम कोंडलाय तिचा."

मला काही वेगळं ऐकू आलं नाही. पण गाडीबद्दल आबांनी एक म्हणावं आणि मी दुसरं, असं आमच्या घरात होत नाही. शिवाय दम कोंडायला कारणही डोळ्यांसमोर होतं. ज्या गल्लीत आम्ही गठ्ठे भरतो, तिथे जीन्सची निळी रुई दिवसभर उडत असते. ती केसांत जाते, नाकात जाते, चहावर तरंगते. कारखानदार "बस दो मिनिट" म्हणतो आणि गाडी त्या रुईत इंजिन चालू ठेवून तासभर उभी राहते. घरी येऊन आम्ही बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टर बाहेर काढला. कागदाच्या घड्याघड्यांत निळा थर बसलेला. आबांनी तो माझ्या नाकासमोर धरला. चोर सापडला म्हणून मलाही बरं वाटलं.

कॅम्प तीनमध्येच गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. सिंधी दुकानदाराने आधी साधा कागदी फिल्टर पुढे केला, मग आबांचा चेहरा पाहून तो बाजूला सारला आणि काचेच्या कपाटातून एक लालभडक, शंकूसारखा फिल्टर काढला. "साईं, ये डालो. धोने का, सुखाने का, वापस लगाने का. गाडी खुलके साँस लेगी." हा फिल्टर डब्यात बंद नसतो, उघडाच बसवतात, आणि हवा ओढताना चांगला मोठ्याने सूं सूं करतो. त्या रुईच्या गल्लीत उघडा फिल्टर लावायचा म्हणजे रुईला घरात बोलावून पाट मांडण्यासारखं. पण आबा तो आवाज ऐकून हसले, आणि मग कोण काय बोलणार?

पुढे धुण्याचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. आमच्या दारातल्या दगडावर मी तो लाल शंकू एकसारखी धूत होते आणि निळं पाणी अंगणात वाहत होतं. शेजारीण विचारायची, आज कुणाची जीन्स? मी तोंडाला येईल ते उत्तर द्यायचे.

फिल्टर नवा होता तेवढे दिवस आबा खूश होते. मग पुन्हा तेच. "बसला परत." आता तर ते गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ताणत न्यायचे. इंजिन बोंबलतंय, रिक्षावाले वळून बघतायत, आणि आबा मात्र तिसरा टाकायचं नाव घेत नाहीत. मला वाटलं क्लच गेला असेल. मी म्हटलंही, पण त्यांनी उत्तर दिलं नाही. गाडीतून उतरले की आबा तसेही कुणाचं ऐकत नाहीत, जेवायला चारदा हाका माराव्या लागतात, त्यामुळे त्याचं मला नवल वाटलं नाही. मी चिडत राहिले. दिवसभर त्या बोंबलणाऱ्या इंजिनाशेजारी बसून माझं डोकं उठायचं आणि घरी आलं तरी कानात गाडी चालूच असायची.

शेवटी त्यांनी निकाल दिला की सायलेन्सर तुंबलाय. आम्ही उल्हासनगरला एका फिटरकडे गेलो. त्याने जुना सायलेन्सर उतरवला, हलवून पाहिला, आत डोकावला आणि म्हणाला, "काका, यह तो साफ है." आबा म्हणाले, "फ्री फ्लो लाव." म्हणजे आतल्या जाळ्या-पडदे काही नाहीत, नुसता जाड सरळ पाइप, धूर आणि आवाज थेट बाहेर. फिटरने खांदे उडवले आणि वेल्डिंग सुरू केलं.

काम झाल्यावर त्याने ॲक्सिलरेटर दाबला. मी कानांवर हात ठेवले. खुद्द फिटरने तोंड वाकडं केलं. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन शिव्या द्यायला लागला. आणि आबा खाली वाकले, पाइपाच्या तोंडाजवळ कान नेला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हां. आता जरा बोलतेय."

सगळी गल्ली कान झाकून उभी होती आणि आबांना गाडी जरा बोलत होती. गाडीला काही झालंच नव्हतं. आम्ही एका धडधाकट गाडीचा फिल्टर बदलला, तिचा सायलेन्सर कापला, आणि बसला होता तो आबांचा कान.

मी बोलले नाही. बोलले असते तर त्याचा अर्थ एकच होता, आबांनी किल्ली खाली ठेवायची. आणि किल्ली खाली ठेवल्यावर आबा काय करणार? ते देवळात जात नाहीत, पत्ते खेळत नाहीत, लग्नाला गेले तरी मांडवाबाहेर गाडीजवळ उभे राहतात. त्यांना घरी बसवायचं या कल्पनेनेच मला रडू यायचं. आणि गाडीत बसलं की उलटी भीती वाटायची, की आज कुणीतरी मरणार.

म्हणून मी त्यांचा कान व्हायचं ठरवलं. मागून काही आलं की त्यांच्या गुडघ्यावर थाप मारायची, आरशात बघायचं, मान वळवून मागच्या काचेतून बघायचं. "मान काय फिरवतेस सारखी? चक्कर येल," ते म्हणायचे. मी हसायचे आणि पुन्हा मान फिरवायचे. पाड्यावर मात्र नव्या आवाजाची मजा झाली. गाडी चढ चढायच्या आतच बायका गठ्ठे घेऊन रस्त्यावर हजर असायच्या, मला हाका मारायची गरज उरली नाही. एक म्हातारी तेवढी रोज करवादायची. "काय गो, गारी हाय का इमान? कोंबऱ्या उरून जातात माझ्या." आबा तिच्याकडे बघून मान डोलवायचे. तिने काय म्हटलं, ते त्यांना कळलं नव्हतं, हे आता मला दिसायचं. मला आता सगळीकडे तेच दिसत होतं.

मग एका सोमवारी, दुपारच्या वेळी, गठ्ठे भरून आम्ही परत येत होतो. अंबरनाथला शिवमंदिराकडे वळतात त्या रस्त्याजवळ सोमवारची गर्दी होती. पुढे एक रिक्षा उभी होती. तिला चुकवायला आबांनी गाडी उजवीकडे घेतली. मागून एक डंपरवाला गाडी पुढे काढत होता आणि बराच वेळ हॉर्न दाबून धरून होता. मी थाप मारली, ओरडले, आणि मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून माझ्या बाजूला ओढलं.

डंपर आरशाला चाटून गेला. आबांनी ब्रेक दाबला आणि आमची गाडी रिक्षाच्या मागे, अगदी टेकायच्या बेतात उभी राहिली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी डंपर नंतर पाहिला, आधी माझे हात. "स्टिअरिंगला हात लावलास?"

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "आबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं. मग मी इतक्या जोरात ओरडले की बेलाच्या पानांची टोपली घेऊन बसलेली बाई उठून उभी राहिली. "ऐकू येत नाही तुम्हाला." मला रडू फुटलं. राग आला होता तो कुणाचा, ते मला आजही सांगता येणार नाही. आपल्या बापाला ही गोष्ट भर रस्त्यात ओरडून सांगावी लागते, याचाच असावा.

आबा स्टिअरिंगवरची निळी रुई नखाने काढायला लागले.

"ठावं हाय," ते म्हणाले. "फिल्टर लावला तवा नव्हतं ठावं. सायलेन्सर लावला तवा ठावं होतं."

"मग?" मी हाताने विचारलं.

"मग काय. आवाज मोठा केला तर अजून चार दिस चालवीन, असं वाटलं."

ते दार उघडून उतरले. बॉनेटला हात लावत, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि उभे राहिले. त्यांनी काचेवर टकटक केलं. "सरक तिकडं."

मी सरकले. भरलेली गाडी मी याआधी कधी चालवली नव्हती. आबा माझ्या जागेवर बसले आणि त्यांनी डाव्या हाताचा पंजा समोरच्या डॅशबोर्डवर सपाट टेकवला. मी किल्ली फिरवली, पहिला टाकला, आणि ते धूड सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात निघालं.

लगेचच मला स्पष्ट ऐकू आलं की गाडी दुसरा गिअर मागतेय. माझा हात दांडीवर गेला. बाजूला पाहिलं तर आबांनी डोळे मिटले होते. पंजा डॅशबोर्डवर, आणि सगळं लक्ष त्या पंजाला जाणवणाऱ्या इंजिनाच्या थरथरीत. त्यांना अजून कळलं नव्हतं. चहा निवेपर्यंत ज्या बाईला धीर धरवत नाही, ती मी तशीच थांबले. इंजिन किंचाळत होतं, लोक कान झाकून शिव्या देत होते, मागचा रिक्षावाला हॉर्न बडवत होता. मी दांडी हलवली नाही.

"आता," आबा म्हणाले.

मी दुसरा टाकला.